टिटो आणि मिलोसेविच, मधे कुणीच नव्हतं का?

संपादक साहेब, नमस्कार.

युगोस्लाव्हियाचा विषय निघाला की दोनच नावं येतात, राष्ट्राध्यक्ष टिटोंनी देश सांभाळला आणि सर्बियाचा नेता मिलोसेविचने मोडला, झालं. मला हे पटत नाही. टिटो गेले मे १९८० मध्ये, देश फुटला १९९१ मध्ये, मग मधली अकरा वर्षं कारभार कोण बघत होतं?

टिटोंनंतर आठ जणांचं अध्यक्षमंडळ होतं, देशातली सहा प्रजासत्ताकं (सर्बिया, क्रोएशिया, स्लोव्हेनिया, बोस्निया, मॅसेडोनिया, मॉन्टेनेग्रो) आणि सर्बियातलेच कोसोवो, व्होय्वोदिना हे दोन प्रांत, प्रत्येकाचा एक माणूस आणि अध्यक्षपद दरवर्षी फिरतं. मिलोसेविचने दोन्ही प्रांत आणि मॉन्टेनेग्रो कह्यात घेतले, सर्बिया धरून आठपैकी चार मतं त्याच्या खिशात, मग मे १९९१ मध्ये क्रोएशियाच्या स्टिपे मेसिच यांची पाळी आली तर ती सरळ अडवून धरली.

पण मला बोलायचंय ते आन्ते मार्कोविच यांच्याबद्दल. हे १९८९ मध्ये युगोस्लाव्हियाचे पंतप्रधान झाले तेव्हा महागाई इतकी भडकली होती की हातात आलेला पगार बघता बघता कवडीमोल व्हायचा. त्यांनी जानेवारी १९९० पासून दहा हजार जुन्या दिनारांचा एक नवा दिनार केला, सात दिनारला एक जर्मन मार्क असा दर बांधून दिला आणि काही महिन्यांत महागाई खरंच आटोक्यात आणली, लोकांनाही हा माणूस आवडायला लागला होता. पण त्यांनी स्वतःचा पक्ष काढला जुलै १९९० मध्ये, तोवर स्लोव्हेनिया, क्रोएशियात मतदान उरकलेलं, तिथे राष्ट्रवादी निवडूनही आले. अख्ख्या देशाची मिळून खुली बहुपक्षीय निवडणूक कधी झालीच नाही! म्हणजे एकत्र राहायचं की नाही हे सगळ्या देशाला मिळून कुणी विचारलंच नाही, माझ्या मते सगळ्यात मोठा घात तिथेच झाला. वर १९९० संपता संपता सर्बियाने केंद्राला न विचारता परस्पर नवा पैसा चलनात आणला, मग कसला दर टिकतोय.

डिसेंबर १९९१ मध्ये मार्कोविच यांनी राजीनामा दिला. २००३ मध्ये हेगच्या आंतरराष्ट्रीय युद्धगुन्हे कोर्टात जाऊन मिलोसेविचच्या समोर साक्ष दिली, बोस्नियाची वाटणी करायचं मिलोसेविच आणि क्रोएशियाचे अध्यक्ष तुजमान यांच्यात ठरलं होतं हे तिथे सांगितलं. २०११ मध्ये ते वारले. तुमच्या पेपरात पुढे कधी युगोस्लाव्हियावर लेख आला तर या माणसाला निदान चार ओळी द्या, ही मनापासून विनंती.

आपला,
एक वाचक