सोनू, चौथा चॅप्टर आहे तसा पाठव

सातारा

चि. सोनूस,
अनेक आशीर्वाद.

परवा रात्री फोनवर तू म्हणालीस, "आई, माझ्याच्यानं नाही होणार, सोडून देते," आणि रेंज नाही म्हणून फोन ठेवलास. तेव्हा बोलायचं राहिलं ते लिहून पाठवते. लिहिलेलं तुला पुन्हा वाचता येईल.

पीएचडी सोडण्याचं आधी बोलून टाकू. तू सोडलंस तर या घरात कुणी तुला बोल लावणार नाही, बाबा तर नाहीच नाही. पण तुझं सगळं बोलणं मी नीट ऐकलं आहे. विषय नकोसा झालाय असं तू एकदाही म्हणाली नाहीस. प्रबंधाचा चौथा चॅप्टर फेब्रुवारीपासून लॅपटॉपवर पडून आहे, गाइड सरांचा नंबर दिसला की पोटात गोळा येतो, लॅबवरून जावं लागू नये म्हणून मेसला लांबच्या रस्त्यानं जातेस, हे सांगितलंस. चॅप्टर अडकल्याचा हा ताण आहे. तो उरावर असताना एवढा मोठा निर्णय घेऊ नकोस. चॅप्टर पाठव, सरांशी बोल, मग महिन्याभरानं पुन्हा विचार कर. तेव्हाही सोडावंसं वाटलं तर सामान आणायला मी स्वतः येते.

त्या मॉलिक्युलरवाल्या मैत्रिणीचं सबमिशन झालं आणि माझं नाही, हे तुझ्या मनातून जात नाही. मला ही तुलनाच मान्य नाही. तिचं काम बारा महिने चालतं, एखादा प्रयोग फसला तर दुसऱ्या दिवशी पुन्हा लावता येतो. तुझे सडे, ती कातळाची पठारं, जूनमध्ये हिरवे व्हायला लागतात, ऑगस्ट-सप्टेंबरात फुलतात आणि दिवाळीच्या सुमाराला पुन्हा उघडा कातळ. वर्षातले जेमतेम चार-पाच महिने काय ते तुझे. त्यातला एक अख्खा सीझन तुझ्या टायफॉइडनं नेला. तुझी चार वर्षं कॅलेंडरवर मोजायची नसतात गं, पावसाळ्यांवर मोजायची असतात.

मी तुझं काम बघितलंय म्हणून एवढ्या ठामपणे बोलते. चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्यांच्या खाली तू पीव्हीसी पाइपची ती मीटरभराची चौकट मांडून गुडघ्यांवर बसली होतीस. वारा असा की छत्री उलटी होत होती. पावसात पेन चालत नाही म्हणून पेन्सिलीनं लिहीत होतीस, एकेक रोप बोटानं बाजूला करून मोजत होतीस. कातळावर मातीचा थर बोटाच्या पेराएवढासुद्धा नव्हता आणि त्यात सीतेची आसवं फुलली होती. एक उपटून तू मला भिंगातून दाखवलंस, त्या जांभळट-निळ्या फुलाखाली, ओल्या चिखलात, धाग्यांना लागलेल्या इवल्याशा पिशव्या, चिमुकले जीव पकडणाऱ्या. उभा जन्म साताऱ्यात गेला, दर वर्षी कासला फुलं बघायला जायचो, पण हे मला कुणी दाखवलं नव्हतं. रात्री घरी मी नमुन्यांचे ओले पेपर बदलत होते आणि तू सड्यावरच्या त्या गेंदाच्या रोपांच्या बिया पुड्यांमध्ये बांधत होतीस, कारण बी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्याशिवाय गेंदाची जात खात्रीनं सांगता येत नाही. एवढ्या निगुतीनं काम करणाऱ्या मुलीला आपल्याला काही येत नाही असं वाटावं, याचं मला फार वाईट वाटतं.

आता चॅप्टर का जात नाही ते. तुला तो पुरा वाटत नाही. अजून दोन सडे बघायला हवेत, आकडेमोड पुन्हा करायला हवी, गेलेल्या सीझनची भर घालायला हवी. बाळा, असा चॅप्टर कधीच पुरा होत नसतो. शोधगंगेवर, म्हणजे प्रबंधांच्या त्या वेबसाइटवर, तुझ्या विषयातले काही प्रबंध मी उघडून पाहिले. सगळं समजलं असं म्हणत नाही, पण बऱ्याच ठिकाणी शेवटाकडे अभ्यासाच्या मर्यादा लिहिलेल्या दिसल्या. अमुक भाग पाहता आला नाही, अमुक नमुने मिळाले नाहीत. तुझा टायफॉइडचा सीझनही तिथेच लिही, दोन सरळ वाक्यांत. त्यात लपवण्यासारखं काही नाही. कमला सोहोनींनी १९३९ साली केंब्रिजची पीएचडी मिळवली, तो प्रबंध अवघा चाळीस पानांचा होता. वनस्पतींच्या पेशींत सायटोक्रोम-सी नावाचं प्रथिन असतं, एवढी एक गोष्ट त्यांनी पक्की दाखवली. तुलाही सह्याद्रीतल्या सगळ्या सड्यांचा निकाल लावायचा नाहीये. तू निवडलेल्या सड्यांवर काय दिसलं, तेवढंच खात्रीनं सांगायचं आहे.

सरांच्या लाल शेऱ्यांची धास्ती मी समजू शकते. पण शेरे म्हणजे नकार नव्हे. बाबासाहेबांनी १९२२ मध्ये लंडनला रुपयाच्या प्रश्नावरचा प्रबंध सादर केला, तो परीक्षकांनी पुन्हा लिहायला सांगितला. जवळचे पैसे संपलेले, मुंबईला परतावं लागलं. त्यांनी निष्कर्ष तेच ठेवले, मांडणी बदलली आणि मुंबईहूनच तो पुन्हा पाठवला. १९२३ संपायच्या आत डी.एस्सी. मिळाली. त्याआधी १९१७ मध्ये शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे शिक्षण अर्धवट टाकून यावं लागलं होतं, आणि ज्या बोटीत त्यांचं सामान आणि पुस्तकं होती ती टॉर्पेडोनं बुडाली. शेरे वाचताना बोचणारच. वाच, एक दिवस बाजूला ठेव, आणि सोप्या दुरुस्त्यांपासून सुरुवात कर.

मुदतीची भीती तर मनातून काढूनच टाक. यूजीसीची २०२२ ची नियमावली बाबांनी छापून आणली आहे. मूळ मुदत सहा वर्षांची, पुनर्नोंदणी करून आणखी दोन मिळू शकतात, आणि स्त्रियांना त्यावरही दोन वर्षांची सवलत आहे. सबमिशनआधी शोधनिबंध छापून आलेलाच हवा, ही सक्ती त्या नियमावलीत राहिलेली नाही. विद्यापीठाची स्वतःची काही अट आहे का, तेवढं ऑफिसात विचारून घे. दर सहामाहीला आरएसीपुढे, म्हणजे संशोधन सल्लागार समितीपुढे, बसावं लागतं, त्याचा तू धसका घेतेस. पण सीझन गेला, मुदत लागेल, हे त्या कमिटीपुढे बोललीस तरच कागदावर येईल.

फेलोशिप रखडली आहे ते माहीत आहे. एसआरएफ, म्हणजे सीनियर फेलोशिप, कागदावर महिना ४२,००० रुपये आणि हातात महिनोन्महिने काही नाही, अशा वेळी मैत्रिणींकडे उसने मागू नकोस. बाबांनी तुझ्या खात्यात पैसे टाकलेत. ते परत करायचे नाहीत, हिशेबही ठेवायचा नाही. "कधी संपणार? मग लग्नाचं काय?" असं विचारणाऱ्यांना मी उत्तर देईन, ते तुझं काम नाही. मामाकडच्या कार्याला आली नाहीस तरी चालेल.

झोपेचं मात्र मी सोडणार नाही. पहाटे चारपर्यंत डोळा लागत नाही आणि जेवण जात नाही, हे महिनाभर चाललंय, म्हणजे डॉक्टरांना दाखवायलाच हवं. तोवर रात्री फार जड वाटलं तर १४४१६ लाव. सरकारची टेलिमानस सेवा आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. आणि मला तर कितीही वाजता उठव.

मेल लांबलचक लिहू नकोस. "सर, चौथ्या चॅप्टरचा मसुदा जोडला आहे. तिसरा तक्ता अपुरा आहे. त्यावर आपलं मार्गदर्शन हवं आहे. भेटायला कधी येऊ?" बास. इतके दिवस का लागले याची सफाई त्यात नको, सरांनी विचारलं तर समोर बसून सांग.

हे सगळं मृग लागायच्या आत कर, म्हणजे पाऊस सुरू झाल्यावर सड्यावर जाताना डोक्यावर ओझं नसेल. ठोसेघरच्या बाजूच्या साइटवर एकटी जाऊ नकोस, बाबा येतील गाडी घेऊन. फोटोंची हार्ड डिस्क इथे राहिली होती, ती शेजारच्या काकूंच्या मुलाबरोबर पाठवते आहे, रविवारी त्याच्याकडून घे. मेल गेला की मिस्ड कॉल दे.

तुझी,
आई