वास्कोचा सप्ताह आणि खारीवाड्याचा समुद्र

मा. संपादक,
स. न. वि. वि.

किनाऱ्यावरच्या शहरांचे समुद्राशी तुटलेले नाते संस्कृतीच्या आणि लोकसहभागाच्या आधाराने पुन्हा जोडावे, असा विचार अलीकडे वरचेवर ऐकायला मिळतो. तो मला मनापासून पटतो. मात्र त्यावर काही करायचे ठरले की आपल्याकडे सर्वांत आधी एखादा नवा महोत्सव सुचतो. वाळूत मंडप उभा राहतो, पाहुणे येतात, खाद्यपदार्थांचे गाळे लागतात आणि तिसऱ्या दिवशी मंडपाच्या खड्ड्यांत पाणी साचलेले दिसते. गोव्यातल्या वास्कोपुरते बोलायचे तर अशा नव्या महोत्सवाची गरजच नाही, कारण या शहराला समुद्राकडे नेणारा एक विधी, श्री दामोदराचा भजनी सप्ताह, सुमारे सव्वाशे वर्षे अखंड चालत आलेला आहे.

साथीच्या काळात वास्कोच्या लोकांनी झांबावलीच्या श्री दामोदराला साकडे घातले आणि तेथून प्रसादाचे श्रीफळ आणले, ही सप्ताहाची कथा आपल्या वाचकांना नव्याने सांगायला नको. नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी नवे श्रीफळ ठेवले जाते, चोवीस तास भजन चालते, रात्री निरनिराळ्या समाजांचे पार, म्हणजे चित्ररथांसह मिरवणुका, वाजतगाजत येतात आणि आदल्या वर्षीच्या श्रीफळाचे खारीवाड्याच्या समुद्रात विसर्जन होते. या शेवटच्या टप्प्याकडे आपण किती लक्ष देतो? गेल्या वर्षी मी नातीला घेऊन मुद्दाम विसर्जनाला गेलो. मुख्य रस्त्यावर फेरीच्या, म्हणजे सप्ताहानिमित्त भरणाऱ्या बाजाराच्या, गर्दीतून पुढे सरकायला आम्हाला पाऊण तास लागला, आणि किनाऱ्यावर पोहोचलो तेव्हा तिथे इतकी थोडी माणसे होती की मला ती सहज मोजता आली असती. नारळ लाटेवर दोनदा मागे आला, तिसऱ्यांदा आत गेला. वास्कोत जन्मलेली, इथल्याच शाळेत चौथीत शिकणारी ही मुलगी तेव्हा मला विचारती झाली, ‘‘आजोबा, हा समुद्र आपल्या गावातलाच?’’

तिचा प्रश्न बावळटपणाचा नव्हता. ज्या शहराचे नावच एका दर्यावर्दीवरून पडले, त्या शहरात समुद्र सहजासहजी दिसत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुरगाव बंदर आणि रेल्वे आली, पुढे साठच्या दशकात मुरगावला मोठ्या बंदराचा दर्जा मिळाला आणि शहराची वाढ त्या बंदराच्या आधारानेच झाली. माझ्यासारख्या अनेकांची चूल त्याच्यावरच पेटली, त्यामुळे त्याला दोष देण्याचा मला अधिकार नाही. पण रूळ, गोदामे आणि कुंपणे यांच्या पलीकडे गेलेले पाणी शहराच्या रोजच्या नजरेतून उतरले, हेही खरे. खारीवाडा आणि बायणा या दोन ठिकाणी ते अजून माणसांच्या हाताशी आहे, आणि तिथे ते टिकले आहे ते मासेमारी करणाऱ्या कुटुंबांमुळे.

म्हणून सुरुवात त्यांच्यापासून व्हावी असे मला वाटते. दरवर्षी 1 जून ते 31 जुलै अशी 61 दिवस यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते. या दिवसांत प्लास्टिकच्या ताडपत्रीखाली माणसे लाकडी सुईने जाळी दुरुस्त करत बसलेली असतात. शाळांनी पाचवी-सहावीच्या मुलांना तासभर तिथे बसवावे. जाळ्याच्या कोणत्या मापाच्या भोकात बांगडा अडकतो आणि तारली सुटते, उधाणाच्या दिवशी होडी कुठपर्यंत ओढावी लागते, हे पाठ्यपुस्तकात नाही. त्या माणसांच्या बोटांत आहे. पलीकडे दोनापावलला 1966 मध्ये स्थापन झालेली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे. तिथला एखादा संशोधक त्याच ताडपत्रीखाली येऊन बसला, तर मुलांना एकाच समुद्राचे दोन जाणकार एकत्र भेटतील.

लोकसहभाग हा शब्द मात्र जपून वापरायला हवा. उद्घाटनाला नारळ फोडण्यासाठी एका मच्छीमाराला व्यासपीठावर बोलावणे म्हणजे लोकसहभाग नव्हे. उत्तर गोव्यातल्या बार्देश तालुक्यात 29 जूनला, संत पेद्रूच्या फेस्ताला, मच्छीमार होड्या एकमेकींना बांधून ‘सांगोड’ सजवतात आणि त्यावर गाणी आणि तियात्र (कोंकणी लोकनाट्य) सादर करतात. बेत त्यांचा, होड्या त्यांच्या, पाहुणे आपण. त्याहून मोठा दाखला रापणकारांचा, म्हणजे रापण हे मोठे जाळे किनाऱ्यावरून मिळून ओढणाऱ्या मच्छीमारांचा. जितके हात रापण ओढतील त्या सर्वांना वाटा देणारी ही माणसे सत्तरच्या दशकात ट्रॉलरविरुद्ध रस्त्यावर उतरली, आणि त्या लढ्याच्या पाठोपाठ 1980 चा सागरी मासेमारी नियमन कायदा आला. समुद्राविषयीच्या निर्णयात लोकांनी भाग घेणे गोव्याला नवे नाही. तेव्हा किनाऱ्यावर काय बांधायचे आणि होड्या लावायला जागा कुठे ठेवायची, हे ठरवताना ज्यांना विचारले जात नाही, त्यांना सोहळ्यापुरते फेटे बांधू नयेत, एवढी विनंती.

सप्ताहानंतर आठ-नऊ दिवसांनी नारळी पौर्णिमा येते. हे दोन दिवस जोडून घेता येतील. रात्रीच्या पारांमध्ये खारीवाड्याच्या जीवनावरचा एखादा चित्ररथ असावा, विषय तेथील रहिवाशांनी ठरवावा, आणि पौर्णिमेच्या सकाळी शहरातल्या भजनी मंडळांनी किनाऱ्यावर जाऊन तासभर भजन करावे. खर्च फारसा नाही. किनाऱ्याकडे जाणारी वाट त्या आठवड्यात गाळ्यांपासून मोकळी ठेवणे आणि वाळूतला कचरा आधी उचलणे, एवढे काम पालिकेने अंगावर घ्यावे.

हे सारे एका वर्षात होणार नाही, याची मला कल्पना आहे. निदान येत्या सप्ताहात, फेरीत हरवलेल्या मुलांची नावे ज्या ध्वनिक्षेपकावरून दिवसभर पुकारली जातात, त्याच ध्वनिक्षेपकावरून विसर्जनाची वेळ आणि खारीवाड्याची वाट दोन-चारदा सांगितली जावी, अशी उत्सव समितीला आपल्या वृत्तपत्राच्या माध्यमातून विनंती करतो.

आपला,
एक ज्येष्ठ वाचक,
वास्को