तांबड्या ताऱ्याचा जाच

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दहावीनंतरच्या प्रवेशाचा ऑनलाइन अर्ज माझ्या भाचीने भरला, तेव्हा ‘वडिलांचे नाव’ या रकान्यापुढे तांबडा तारा, म्हणजे रकाना सक्तीचा असल्याची खूण, होता. माझ्या बहिणीने मुलीला एकटीने वाढवले असून शाळेच्या दाखल्यावरही आईचेच नाव आहे. रकाना रिकामा ठेवला की अर्ज पुढे सरकेना. शेवटी सायबर कॅफेतल्या मुलाने सराईतपणे तिथे एक टिंब दिले आणि अर्ज गेला. पडताळणीच्या दिवशी ते टिंब छापील अर्जात नावाच्या मधोमध उभे होते, आणि नाव दाखल्याशी जुळत नाही म्हणून भाचीला परत पाठवण्यात आले.

असे अर्ज तयार करणे हाच माझा व्यवसाय असल्यामुळे अशा वेळी मिळणारे ‘सिस्टिम घेत नाही’ हे उत्तर मला पटत नाही. मी ज्या जँगो फ्रेमवर्कमध्ये, म्हणजे वेबसाइट बनवण्याच्या तयार सांगाड्यात, काम करतो (त्याचा जन्म, योगायोगाने, अमेरिकेतील कॅन्सस राज्यातल्या एका वृत्तपत्राच्या कचेरीत झाला आणि 2005 साली ते सर्वांसाठी खुले झाले), त्यात अर्जाचा प्रत्येक रकाना, वेगळे सांगितले नाही तर, सक्तीचाच धरला जातो. म्हणजे प्रोग्रामरने विचार केला नाही, तरी सक्ती आपोआप लागू होते. टिक करण्याच्या चौकोनाला तर सक्ती म्हणजे टिक हवीच. ‘अर्जदार दिव्यांग आहे’ यापुढे असा चौकोन ठेवून सक्ती काढायला विसरलो, तर दिव्यांग नसलेल्या एकाचाही अर्ज खरे सांगून जाणार नाही. नवखा असताना ही चूक मी स्वतः केली आहे.

पीएचपी या वेबसाइटसाठीच्या प्रोग्रामिंग भाषेत ‘रिकामे आहे का’ हे पाहणारी तयार सोय शून्यालाही रिकामे मानते. तिच्यावर विसंबलेल्या अर्जात भूमिहीनाने जमिनीपुढे 0 लिहिला, की ‘माहिती भरा’ असा शेरा येतो आणि तो बिचारा 1 लिहून मोकळा होतो. नुसती स्पेस दिली तर ब्राउझर रकाना भरलेला समजतो, पण अर्ज जिथे पोचतो त्या सर्व्हरवर जँगो ती काढून टाकून अर्ज परत करतो. टिंब मात्र दोन्हीकडे चालते. सक्तीने रकाना भरतो, माहिती खरी असेलच असे नाही.

अर्ज परत आला तरी कोणत्या रकान्यात काय राहिले ते त्याच रकान्याखाली मराठीत सांगणे आणि भरलेला मजकूर जागेवर ठेवणे, या दोन्ही सोयी फ्रेमवर्कमध्ये तयार असतात. फोटो आणि सही पुन्हा जोडावी लागते, कारण निवडलेली फाइल ब्राउझर परत भरू देत नाही. पण बाकीचे चाळीस रकाने कोरे करण्याला कोणतेही तांत्रिक कारण नाही.

1 मे 2024 पासून जन्मलेल्या बालकांच्या सरकारी कागदपत्रांवर आईचे नाव वडिलांच्या नावाआधी लिहिण्याचा निर्णय राज्य सरकारने घेतला. तो माझ्या भाचीला लागू नाही, परंतु त्यानिमित्ताने जुने अर्ज उघडले जाणारच आहेत. तेव्हा प्रत्येक सक्तीच्या रकान्यामागचे कारण संबंधित अधिकाऱ्याने लेखी द्यावे, आणि वडिलांच्या नावापुढे ‘लागू नाही’ हा पर्याय ठेवावा, एवढी अट पोर्टलच्या निविदेतच घालावी.

आपला,
एक वेब डेव्हलपर, पुणे