गोंधळाचा फायदा कोणाला?

'ग्रामसभा गोंधळात तहकूब' ही आपल्या अंकातील बातमी वाचली. सभा तहकूब होण्यात कोणाचा फायदा, हे मात्र बातमीत आले नाही. ग्रामसभेची गणपूर्ती, म्हणजे सभा चालण्यासाठी लागणारी किमान उपस्थिती, एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी जी संख्या कमी असेल ती. तहकूब झालेल्या सभेला मात्र गणपूर्ती लागतच नाही. म्हणजे आरडाओरड करून सभा उधळली, की पुढच्या सभेत पंधरा-वीस डोकी हवा तो ठराव मंजूर करून मोकळी! विरोधकांच्या आवाजाने सत्ताधाऱ्यांचेच काम सोपे होते.

हरकत घ्यायचीच तर ती कागदावर घ्यावी. सभेची नोटीस सात दिवस आधी लागते. त्यातले विषय पाहून प्रश्न लेखी द्यावा आणि आवक क्रमांकासह पोच घ्यावी. सभेत आधी मागील इतिवृत्त, म्हणजे मागच्या सभेच्या कामकाजाची लेखी नोंद, वाचून घ्यावे. ठरावाला विरोध असेल तर तो नावानिशी नोंदवायला लावावा. दारातच हजेरीची सही करून घरी जाणाऱ्यांनी विशेष जपावे, कारण तीच सही पुढे उपस्थिती म्हणून मोजली जाते. व्हॉट्सॲपवर सरपंचांचा उद्धार करणाऱ्या मुंबईकर चाकरमान्यांच्या शिव्या इतिवृत्तात येत नाहीत, हेही सांगायला हवे.

बॅ. नाथ पै आणि प्रा. मधु दंडवते यांना वर्षानुवर्षे लोकसभेत पाठवणाऱ्या तेव्हाच्या राजापूर मतदारसंघाचा हा मुलूख. इथे मुद्देसूद बोलणाऱ्याला 'बस खाली' म्हणून गप्प केले जाते, याची लाज ग्रामस्थांनाच वाटली पाहिजे.

– एक ग्रामस्थ, राजापूर तालुका