आधी पाच जणांच्या हातात देऊन बघा

संपादक साहेब, दाखला असो की टॅक्स, सगळं ऑनलाइन झालं, चांगलंच आहे, पण हे फॉर्म बनवणारे ते कुणाला वापरायला देऊन बघतात तरी का? ओटीपी येईस्तोवर पेज टाइमआउट, फोटोची साइज मोठी झाली की सगळा फॉर्म कोरा. वेबसाइट वापरायला सोप्या कशा कराव्यात याचा जाणकार जेकब नील्सन, त्यानं २००० मध्येच लिहिलं होतं की ५ जणांवर टेस्ट घेतली तरी जवळपास ८५ टक्के अडचणी सापडतात. म्हणजे मोठं बजेटही लागत नाही, आपल्या नागपुरातल्या इतवारीतला दुकानदार, महाल भागातल्या एखाद्या आजी, असे पाच जण बसवा, मोबाइल द्या अन् कुठं अडकतात ते गप्प बघा (इंजिनिअर लोकांना गप्प बसणंच जमत नाही म्हणा). आवडलं का विचारू नका, सगळे हो म्हणतात. आणि एसी ऑफिसात नको, मे महिन्याच्या उन्हात बर्डीच्या बाजारात घ्या टेस्ट, स्क्रीन दिसते का तेही कळेल.

– एक वाचक, नागपूर