माळ्यावरचा खोका आणि माझी पलटण

ती. आई-बाबांस,
शि. सा. नमस्कार.

फोनवर बोलायचं ते फोनवरच राहून जातं. आई बोलत असते, बाबा मागून तिला खुणा करत असतात आणि मग कुकरची शिट्टी होते. म्हणून हे पत्र. आई, प्रिंट काढून बाबांना दे, मोबाइलवर वाचायला लावू नकोस.

आई, परवा तू विचारलंस, "बिल्डर दिवाळीआधी जागा रिकामी करा म्हणतोय, माळ्यावरच्या तुझ्या मावळ्यांच्या खोक्याचं काय करू?" मी "बघू गं" म्हणून विषय बदलला. कारण त्याच आठवड्यात इकडे इंग्लंडात मी माझी छंदातल्या बारक्या सैनिकांची सगळी पलटण विकून आले होते आणि ते तुम्हाला सांगायला जीभ रेटत नव्हती. पंधरा वर्षांचे पैसे त्यात गेलेत आणि बाबा हिशेब विचारणार हे ठाऊक होतं.

तर बाबा, हिशेब घ्या. कपाटातून सगळं काढून जमिनीवर मांडलं तेव्हा चौदाशेच्या आसपास सैनिक निघाले. 28 मिलिमीटर उंचीचे, वॉटर्लूच्या लढाईतले, इंग्रज आणि फ्रेंच. रंगवलेले चारशे वीस. उरलेले नऊशे ऐंशी डब्यांत जसेच्या तसे, काही तर दुकानाच्या वेष्टनासकट. एक माणूस रंगवायला मला दीड तास लागतो. आठवड्याला फार तर तीन तास मिळतात. म्हणजे एकही नवा डबा विकत घेतला नाही तरी नऊ वर्षांहून जास्त काम बाकी. आणि मी तर या छंदाच्या दर मेळ्यातून दोन डबे आणत होते! इथले लोक अशा न रंगवलेल्या साठ्याला 'शिशाचा डोंगर' म्हणतात. नॉटिंगहॅममध्ये राहायचं म्हणजे हा मोह दाराशीच. अशी बारकी माणसं ओतणाऱ्या इतक्या कंपन्या या भागात आहेत की त्याला गमतीने 'लेड बेल्ट', शिशाचा पट्टाच म्हणतात.

खरं सांगू का, गेली तीन वर्षं मी ब्रशला हात लावला नव्हता. विकत घेणं हाच छंद होऊन बसला होता. संध्याकाळी टेबलाशी बसलं की ते डबे थकलेल्या हप्त्यांसारखे बघत राहायचे. मग मी दिवा बंद करून टीव्ही लावायची.

विक्रीची एक गंमत सांगते. इथे मेळ्यात एक टेबल असतं, त्यावर आपला माल किमतीची चिठ्ठी लावून ठेवायचा, विकला गेला की आयोजक थोडी दलाली कापून पैसे देतात. मी दोन्ही ठेवले, रंगवलेले आणि न रंगवलेले. वेष्टनातले डबे तासाभरात उडाले. मी रंगवलेले मात्र दुपारपर्यंत तसेच. म्हणजे माझा हात लागल्यामुळे मालाची किंमत उतरली! शेवटी एका गृहस्थांनी अर्ध्या भावात तिथल्या तीन पलटणी उचलल्या आणि अगदी सहज म्हणाले, घरी जाऊन डेटॉलमध्ये टाकतो.

हो आई, आपलं डेटॉलच. इकडे जुना रंग काढायला धातूची माणसं रात्रभर त्यात बुडवून ठेवतात. सकाळी टूथब्रशने घासलं की रंग साली निघाव्यात तसा सुटतो. फक्त लगेच पाण्याखाली धरायचं नाही. पाणी लागलं की त्या सुटलेल्या रंगाचा डिंकासारखा चिकट लगदा होतो, तो कशानेच निघत नाही. आधी पुन्हा डेटॉलनेच धुवायचं. हे मी एकदा शिकले आहे, हातमोजे न घालता, आणि दोन दिवस ऑफिसात माझ्याजवळ कोणी बसलं नव्हतं.

माझ्या सहाशे-साडेसहाशे तासांतले निदान शंभर त्या बादलीत जाणार, हे ऐकून पोटात कालवलं. पण गाडीत बसेपर्यंतच. एका ढोलवाल्या पोराचं तेवढं अजून वाईट वाटतं, त्याचे डोळे मला बरोबर जमले होते. बाकी कुणाचं नाही.

आता माळ्यावरचा खोका. देऊन टाक. बी विंगमध्ये पोरं आहेत ना, त्यांना दे. महाराज तेवढे तुझ्याबरोबर नव्या घरी येणार हे तू न सांगता मला ठाऊक आहे. पण मावळे, गवळण, वासुदेव, मान तुटलेला वाघ, सगळं दे. कुंभारवाड्यातून बाबांच्या स्कूटरवर पुढे उभं राहून आणलेले आहेत ते, पण पोरांनी यंदा किल्ल्यावर मांडले तर त्यांना चिखल लागेल, मोहरी त्यांच्या पायांत उगवेल. रद्दीच्या कागदात गुंडाळून ते काय करताहेत? आणि पोरांना सांग, मावळा बुरुजापेक्षा उंच दिसला तर दिसू दे. आपल्या किल्ल्यावर तर बैलगाडी दरवाज्यातून आत जात नव्हती आणि मावळ्यांच्या शेजारी प्लास्टिकचे खाकी जवान बंदुका रोखून होते. मला मात्र बाकीची पोरं फक्त अळीव पेरायला द्यायची, "मुलींनी गवत करायचं" म्हणून. पलटणीचा नाद मला तिथूनच लागला असावा.

बाबा, छंद सोडलेला नाही. नव्याने धरलाय. टेबलावर आता एकच बुटांचा खोका आहे आणि त्यात अख्खी लढाई मावणार आहे, कारण या वेळी माणसं 6 मिलिमीटरची घेतलीत. तांदळाच्या दाण्याएवढी. तुम्ही म्हणाल, चाळिशी लागल्यावर आणखी बारीक? पण यांना डोळे, बटणं, मिशा काही काढायच्या नसतात. लाल ठिपका म्हणजे कोट, काळा म्हणजे टोपी, हातभर अंतरावरून पलटण चालताना दिसते. एका बैठकीत चाळीस होतात. संपल्याशिवाय दुसरा खोका आणायचा नाही, हा नियम भिंतीवर लिहून ठेवलाय.

आणि लढाई कुठली, तर असईची. 23 सप्टेंबर 1803. शिंदे आणि नागपूरकर भोसले यांच्या फौजा एका बाजूला, आर्थर वेलस्ली, म्हणजे पुढे वॉटर्लू जिंकलेला वेलिंग्टन, दुसऱ्या. इतकी वर्षं मी वॉटर्लूचा वेलिंग्टन रंगवत बसले, आणि तो स्वतः म्हातारपणी विचारल्यावर आपली सर्वांत चांगली लढाई म्हणून असईचं नाव घ्यायचा. शिंद्यांच्या तोफांनी त्याच्या माणसांची चाळण केली होती. नदीला उतार कुठे आहे हे वाटाडे सांगेनात, तेव्हा अलीकडे-पलीकडे दोन गावं समोरासमोर दिसली, त्यावरून त्याने ताडलं की इथून लोक ये-जा करत असणार, आणि फौज तिथून पाण्यात घातली.

ती नदी म्हणजे केळणा. तुम्ही भोकरदनच्या शाखेत दोन वर्षं होतात ना बाबा, सायकलवरून वसुलीला हिंडायचात? मला नकाशे मिळालेत, पण नकाशात माती दिसत नाही. तेव्हा नीट आठवून लिहा. केळणा आणि जुई या दोन नद्यांच्या मधला तो पट्टा काळा आहे की भुरकट? काठ उभे तुटलेले की उतरते? तोफ ओढून नेता येईल असे? सप्टेंबरात शेतात काय उभं असायचं, बाजरी की कपाशी? आणि पाणी साधारण कुठवर, गुडघ्याला की कमरेला?

आई, त्यांना आठवत नसेल तर त्यांची जुनी डायरी काढून दे. ती तरी खोक्यात घालून बांधू नकोस.

तुमची,
मनू