तापातली ती रात्र

मंगळवार पेठ, कोल्हापूर

चि. सूरज यास,
आप्पांचे अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालास, "शौर्यला ताप आहे, पण गप झोपलाय." फोन ठेवला आणि माझी झोप उडाली. सकाळी त्यानं दूध मागून घेतलं असं कळलं, तेव्हा जीव भांड्यात पडला. गप झोपलेल्या तापकरी पोराची मला एवढी धास्ती का, ते तुला कधी नीट सांगितलं नव्हतं. लहानपणी तुला मेंदूज्वर झाला होता, म्हणजे मेंदूला सूज आली होती, त्याची ही गोष्ट.

1998 चा पावसाळा. तू सहा वर्षांचा. गल्लीत घरटी एकाला ताप. तिसऱ्या दिवशी तुझं अंग जरा निवलं, पण तू झोपेतनं उठेनास. जेवायला बसवलं तर आईकडं बघून म्हणालास, "ही कोण?" आम्हाला वाटलं, तापात बरळतोय. रात्री दोनदा उलटी झाली. तरी मी म्हटलं, पाऊस लागलाय, उजाडल्यावर दाखवू. पहाटे चारला तुझा डावा हात उडायला लागला, मग सगळं अंग. शेजारच्या मावशींनी नाकाला कांदा लावला, मी दातांत चमचा घातला. त्या चमच्यानं तुझा दात तुटला.

दवाखान्यात पाठीतलं पाणी काढायचं म्हटल्यावर आज्जी आडवी आली, "पोरगं लुळं होईल." सही मी केली. रिपोर्ट यायच्या आधीच डॉक्टरांनी शिरेतनं ॲसायक्लोव्हिर चालू केलं. ओठावर फोड उठवणारा हर्पीसचा विषाणू कधीकधी मेंदूत शिरतो, त्यावर हे औषध आहे, पण रिपोर्टची वाट बघत बसलं तर मेंदूचं झालेलं नुकसान भरून येत नाही, असं त्यांनी मला समजावलं. तुझ्या बाबतीत नेमका कुठला विषाणू होता, ते शेवटपर्यंत कळलं नाही.

अकराव्या दिवशी घरी आलास. सगळ्यांनी पेढे वाटले. खरं दुखणं त्यानंतर सुरू झालं, पण ते कुणाला दिसत नव्हतं. तोंडपाठ असलेले पाढे पुसले गेले होते. शर्टाचं बटण लागेना की रडायचास. जरा आवाज झाला की वस्तू फेकायचास. रोज संध्याकाळी तुला रंकाळ्यावर न्यायचो, डाव्या हातात चेंडू देऊन. वर्ष गेलं तेव्हा कुठं तो हात सरळ झाला. त्या वर्षात मी तुला दोनदा मारलं, सूरज. तो राग तुझा नव्हता, आजाराचा होता, हे मला फार उशिरा कळलं. त्याची माफी आज मागतो.

आपल्याकडं म्हणतात, ताप डोक्यात गेला. डोक्यात ताप जात नाही. कधी विषाणूच मेंदूत शिरतो, कधी त्याच्याशी झगडताना शरीरानंच उठवलेली सूज मेंदूला भोवते. फ्लूमध्ये बऱ्याचदा ही शरीरानं उठवलेली सूजच भोवते. आणि वेळ फार थोडा मिळतो. नागपूरजवळच्या चांदीपुऱ्यात 1965 साली सापडलेला विषाणू 2003 मध्ये आंध्रात आणि आपल्या महाराष्ट्रात किती लेकरं घेऊन गेला! ताप आल्यापासून एक-दोन दिवसांत खेळ संपायचा.

तापात झटका आला म्हणजे मेंदूज्वरच असं नाही. सहा महिने ते पाच वर्षांच्या पोरांना साध्या तापातही येतो. कुशीवर निजवा, घड्याळ बघा, तोंडात काही घालू नका. पाच मिनिटांत थांबला नाही तर थेट दवाखाना. थांबला तरी त्याच दिवशी दाखवा. पण पोरगं ओळखत नाही, हाक मारली तरी डोळे उघडत नाही, सारखं ओकतंय, असं असेल तर रात्रीचे किती वाजले ते बघू नका. घरातल्या मोठ्यांची ॲस्पिरिनची गोळी तोडून तर कधीच देऊ नका. फ्लू नाहीतर कांजिण्यांत तिच्यानं लिव्हर आणि मेंदू दोन्हीला इजा होऊ शकते.

आणि गोवराच्या लसीचं. सूनबाई म्हणाली, दुसरा डोस राहिलाय, बघू पुढच्या महिन्यात. तो 16 ते 24 महिन्यांत द्यायचा असतो, आपला शौर्य 19 महिन्यांचा झाला. गोवर झालेल्या हजारांत एखाद्या मुलाच्या मेंदूला सूज येते. त्याहून वाईट म्हणजे, गोवर बरा होऊन सात-दहा वर्षं गेल्यावरही एखादं पोरगं हळूहळू अभ्यासात मागं पडतं, अंगाला झटके येऊ लागतात, आणि त्यावर बरं करणारा इलाज नाही. पोलिओच्या थेंबांना तुझी आई उन्हात रांगेत उभी राहिली होती. तुम्हाला तर गाडी आहे.

या शनिवारी जाऊन या. डोस झाला की कार्डाचा फोटो पाठव.

तुझा,
आप्पा